छावणीबाहेरचे सात दिवस

(शास्त्रभाग : गणना, अध्याय १२; लेवीय, अध्याय १४)



मोशेची बहीण मिर्याम हिच्या अंगावर कोड उठले, ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. तिने व अहरोनाने मोशेविरुद्ध तोंड उघडले. देवाचा कोप झाला. मोशेने बहिणीकरिता धावा केला. आणि सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवण्यात आले. येथवर वाचून आपण बहुधा पुस्तक मिटतो व मुलांस सांगतो की, देवाच्या सेवकाची निंदा करू नये. बोध खरा आहे. परंतु गोष्टीचा शेवट तेथे नाही. शेवटी असे सांगितले आहे की, मिर्यामेला पुन्हा आत घेईपर्यंत लोकांनी आपला तळ हालविला नाही.

ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे. त्या छावणीत शस्त्र धरण्याजोगे पुरुषच सहा लाखांवर होते, असे ह्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मोजून सांगितले आहे. बायकामुले, म्हातारीकोतारी व गुरेढोरे ती निराळीच. मुक्काम अरण्यातला, पाणी बेताचे, आणि पुढे वचन दिलेला देश. एवढा मोठा समुदाय एका बाईकरिता सात दिवस खोळंबून राहिला, आणि ती बाई काही निर्दोष नव्हती. तिने केले ते ती भोगील, आपण आपली वाट धरावी, असे कोणी म्हटल्याचे लिहिलेले नाही. तिला बाहेर ठेवणे हा नियम होता व तो त्यांनी पाळला. परंतु तिला मागे टाकून पुढे जाणे त्यांस योग्य वाटले नाही.

ह्या गोष्टीच्या उजेडात २०२० व २०२१ ह्या दोन सालांकडे पाहावे असा माझा विचार आहे. कोणी म्हणेल, पाळकसाहेब, ते आता कशाला उकरून काढता? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजीच आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या. शाळेच्या ज्या खोलीत गावाने आपली माणसे कोंडली होती तेथे पुन्हा मुले पाढे म्हणू लागली. हे सर्व खरे. तथापि मंडळ्यांतून फिरताना मला अशी घरे आढळतात की, जेथे ती साथ अद्याप सरलेली नाही. एका गावी दोन सख्खे भाऊ एकाच बांधावर शेती करितात, एकाच प्रार्थनामंदिरात येतात, आणि २०२० च्या मे महिन्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटा पुण्याहून बायकोमुलांसह चालत आला तेव्हा वेशीवर आडवे उभे राहणाऱ्या माणसांत थोरला होता. तंटा जमिनीचा असता तर तलाठ्याने मिटविला असता.

त्या दिवसांची आठवण करावी. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण आढळले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता सांगण्यात आले की, मध्यरात्रीपासून सर्व देश बंद. चार तासांची सवड. ज्यांच्या घरी कणगीत दाणा होता त्यांस ही गोष्ट कठीण वाटली, परंतु असह्य वाटली नाही. जे मुंबईपुण्यास बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत रोजावर होते, दहा दहा जण एका खोलीत भाड्याने राहत होते, त्यांची कथा वेगळी. रोज बंद झाला, भाडे बंद झाले नाही. एस.टी. नाही, आगगाडी नाही. रोगाने मरावे की भुकेने, एवढाच विचार करावयाचा उरला तेव्हा माणसे चालू लागली. आपल्या भागातील कित्येक कल्याणाहून माळशेज घाटाने आली, कित्येक पुण्याहून नगरच्या रस्त्याने आली. दिवसा पोलीस अडवीत म्हणून रात्री चालत. मुलास खांद्यावर व गाठोडे डोक्यावर घेतलेली ती रांग ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत.

काही पोहोचलेच नाहीत. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्यप्रदेशातील वीस मजूर भुसावळच्या आगगाडीच्या आशेने रुळांच्या कडेने रात्रभर चालले. गाड्या बंद आहेत असे समजून थकलेले जीव रुळांवरच पडले. ८ मे २०२० रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतील सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्याबरोबरच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. ते चित्र सर्व देशाने पाहिले. ह्या भागातून आपल्या मंडळ्यांची माणसे नेहमी ये-जा करितात. ते आपल्या पंथाचे नव्हते, आपल्या भाषेचेही नव्हते. पण ज्या वाटेने आपली लेकरे आली तीच त्यांची वाट होती.

आणि जी पोहोचली त्यांस काय आढळले? गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या, दगडांची रास, कोठे आडवी लावलेली बैलगाडी. फळीवर खडूने लिहिलेले की, बाहेरच्यांस मनाई. ज्याची शेंडी-नाळ त्या गावात पुरलेली, ज्याचे नाव तेथील रेशनकार्डावर, तो बाहेरचा ठरला. ऊसतोड मजुरांचेही तसेच झाले. एक लाखाहून अधिक माणसे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांत कोप्यांतून अडकून पडली होती. १७ एप्रिल २०२० रोजी सरकारने त्यांस घरी जाण्याची मोकळीक दिली. बीड व नगरकडे ट्रका आल्या, परंतु पुष्कळ टोळ्यांस शिवारातच उतरावे लागले. उचल फेडण्याकरिता सहा महिने कोयता चालविलेल्या बायांनी आपल्याच घराचे धाब्याचे छप्पर दुरून पाहत लिंबाखाली चूल मांडली.

आता मी जे बोलणार आहे ते कित्येकांस कडू लागेल. ज्या मंडळ्यांकरिता मी हे लिहितो त्यांतील बहुतेकांचे पणजे-खापरपणजे कोठे राहत होते? गावकुसाबाहेर. त्यांस कोणती साथ झाली होती? कोणतीही नाही. तरी त्यांची सावली नको होती, पाणवठ्यास त्यांचा हात लागलेला चालत नव्हता, भाकर वरून टाकली जात होती. शुभवर्तमान त्यांच्याकडे आले तेव्हा ते वेशीच्या आत येऊन थांबले नाही. ते वेस ओलांडून बाहेर आले, म्हणूनच आज आपण ख्रिस्ती म्हणवितो. ज्यांच्या रक्तात ही आठवण आहे त्या आपण २०२० साली काट्या तोडून आणावयास सर्वांच्या पुढे असावे काय? अस्पृश्यतेचा कायदा संविधानाने मोडला; परंतु माणसास भय वाटले की तो कायदा मनात पुन्हा लिहिला जातो, आणि लिहिणारा हात कालच्या अस्पृश्याचाही असू शकतो.

तथापि गावास सर्वस्वी दोष देणे न्यायाचे होणार नाही. भय खरे होते. रोग नवा, औषध नाही, जवळचे सरकारी रुग्णालय दहा कोसांवर. आलेल्यांस चौदा दिवस वेगळे ठेवण्याची आज्ञा सरकारचीच होती, आणि ती शहाणपणाची होती. लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचा. संशयाचा डाग दिसला की सात दिवस वेगळे ठेवावे, पुन्हा पाहावे, पुन्हा सात दिवस ठेवावे; म्हणजे तेही चौदाच झाले. क्वारंटाइन हा शब्द युरोपातील बंदरांत चाळीस दिवस गलबत अडकवून ठेवीत त्यावरून आला. वेगळे ठेवणे म्हणजे तिरस्कार करणे नव्हे. आपल्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत जाण्याचे ज्याने चौदा दिवस टाळले त्याने तिच्यावर प्रीतीच केली.

पण नियमशास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. चौदाव्या अध्यायाच्या आरंभी एक आज्ञा आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रोग्याने आत येऊन याजकास भेटावे असे तेथे नाही. याजकाने छावणीबाहेर जाऊन त्यास पाहावे असे आहे. ज्या शास्त्राने आजाऱ्यास बाहेर काढले त्याच शास्त्राने एकास त्याच्याकडे जाण्यास बांधून टाकले, आणि तो कोणी हलका नोकर नव्हे, तर जो पवित्रस्थानात सेवा करतो तोच. दोन्ही आज्ञा एकाच देवाच्या. आपण पहिली झटकन पाळली. दुसरी कोणी पाळली?

माझ्या पाहण्यात ती प्रथम आशाताईंनी पाळली. महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तर हजार आहेत. तुटपुंज्या मोबदल्यावर काम करणाऱ्या ह्या बाया उन्हातान्हात घरोघर गेल्या, ताप पाहिला, बोटास यंत्र लावून प्राणवायू मोजला, नावे लिहून घेतली. शाळेत ठेवलेल्यांची विचारपूस त्यांनी दारातून रोज केली. त्याचे फळ त्यांस काय मिळाले? ही घरोघर फिरते, हीच रोग आणील, असे म्हणून कित्येक घरांनी त्यांच्या तोंडावर दार लावले; त्यांच्या मुलांशी आपली मुले खेळू दिली नाहीत. २०२१ च्या जूनमध्ये मोबदल्याकरिता त्यांस संप करावा लागला, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे थोडे होते. आपल्या मंडळीतील कोणी बहीण आशाताई असेल तर त्या दोन सालांत तिने याजकाचे काम केले असे मी निःशंकपणे म्हणतो.

नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ रुग्णालयाचे दरवाजे कोरोनाच्या रुग्णांकरिता उघडले गेले, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आणि गावोगावची काही तरुण पोरे! त्यांतील कित्येकांस आपण वाया गेलेली म्हणत होतो. शाळेच्या कुंपणावर पिठले-भाकरीचा डबा ठेवून, दूर उभे राहून, "दादा, मीठ बरोबर आहे ना?" असे ओरडून विचारणारा एक मुलगा मला माहीत आहे. तो प्रार्थनेस नियमित येत नाही. मी त्यास त्याबद्दल बोलतो, आणि बोलताना मला तो डबा आठवतो.

आपल्या देशात अशा साथी पूर्वीही आल्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखण्यात आला. पुढे खेड्यांत उंदीर पडू लागले की सारा गाव घरे सोडून माळावर झोपड्या घालून राही. सगळाच गाव बाहेर, त्यामुळे बाहेरचा कोण हा प्रश्न तेव्हा तितका बोचत नसे. १९१८ साली पाऊस गेला आणि त्यावर मानमोडीची साथ आली. त्या तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे गेली असे अभ्यासकांचे अनुमान आहे. घरातील सर्वच अंथरुणास खिळले म्हणजे पाणी पाजणारा शेजारी आला तर माणूस वाचे, न आला तर तहानेने जाई. त्या प्लेगाच्या काळात, १८९७ साली, सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळच्या मुंढवा गावाबाहेरील वस्तीतल्या एका आजारी मुलास पाठीवर घेतले व आपला मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांस प्लेगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यावरून कोणास अडचण वाटत असेल तर त्याने चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा वाचावा. तेथेही याजक व लेवी बाजूने निघून गेले होते.

आता एका दुसऱ्या रोगाविषयी बोलू, जो कोरोनाहून जुना आहे. कोणी आजारी पडला की, ह्याने काय पाप केले असेल, असे आपण मनात मोजू लागतो. शेजारी म्हणाले, देवीचा कोप झाला. आपण त्यांस अज्ञानी म्हटले, आणि आपल्याच प्रार्थनासभेत कोणी म्हणाला की, त्या घरात कौटुंबिक प्रार्थना होत नव्हती, म्हणून रोग शिरला. ह्या दोन बोलण्यांत फरक काय तो मला अद्याप कळलेला नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चिरडली तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतः काढला व स्वतःच नाही असे उत्तर दिले. जन्मांधाविषयी शिष्यांनी असेच विचारले तेव्हाही त्याने त्यांस तो हिशेब मांडू दिला नाही. करमाडच्या रुळांवरचे सोळा जण आपल्याहून अधिक पापी होते काय?

दुसरे काही उलट टोकास गेले. एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार घेऊन ते म्हणाले की, विश्वासणाऱ्यास मरी शिवणार नाही, मुखपट्टी कशास हवी? त्या स्तोत्रात देवाच्या आश्रयाची मोठी गोड ग्वाही आहे, आणि मरणाच्या बिछान्यावर तिने पुष्कळांस धीर दिला आहे. परंतु त्याच स्तोत्रातील शब्द मंदिराच्या शिखरावर उभे राहून प्रभूस कोणी ऐकविले, हे विसरू नये. उडी टाक, देव झेलील, असे म्हणणारा सैतान होता. आणि प्रभूने उडी टाकली नाही. दुसऱ्या लाटेत प्रार्थनाशील माणसे गेली, पाळक गेले, ज्यांनी इतरांकरिता रात्री जागविल्या ते गेले. त्यांचा विश्वास उणा होता असे म्हणण्याचे धैर्य ज्यास होत असेल त्याने ते त्यांच्या मुलांसमोर म्हणून पाहावे.

लशीविषयीही असेच झाले. १६ जानेवारी २०२१ रोजी लस टोचण्यास आरंभ झाला. पुण्यातच तयार होणारी ती लस, पण आपल्या खेड्यांत ती येण्यापूर्वी मोबाइलवरून अफवा आली की, हीच प्रकटीकरणातील श्वापदाची खूण, सहाशे सहासष्ट! काही घरे त्यामुळे मागे राहिली. बंधूंनो, ती खूण घेणारे श्वापदाला नमन करितात असे त्या अध्यायात आहे. दंडात सुई टोचून घेणारी आपली म्हातारी आजी कोणास नमन करीत होती? लूक स्वतः वैद्य होता आणि त्याने शुभवर्तमान लिहिले. औषधास भिणे व देवावर भाव ठेवणे ह्यांची सांगड शास्त्रात नाही.

प्रार्थनामंदिरे बंद राहिली त्याचे दुःख सर्वांस झाले. त्यावर मी फार लिहीत नाही. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण बंद दारांआड झाला. त्या पहिल्या सायंकाळी शिष्यांचीही दारे बंदच होती. १६ नोव्हेंबर २०२० रोजी दारे उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा लागली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत तशीच राहिली. शहरातील मंडळ्यांनी मोबाइलवर उपासना चालविल्या. आपल्याकडे लिंबावर चढल्यावाचून मोबाइल बोलत नाही. म्हणून जी उपासना झाली ती ओट्यावर, चुलीपुढे झाली. जे बाप वीस वर्षे पाळकाच्या तोंडाकडे पाहत बसले होते त्यांस स्वतः प्रार्थना करावी लागली. काहींस ती येऊ लागली, आणि दारे उघडल्यावर ती त्यांनी पुन्हा पाळकाच्या स्वाधीन केली, हे मात्र बरे झाले नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांविषयी लिहिताना लेखणी जड होते. पहिली लाट शहरांवर आली होती. दुसरी खेड्यांत शिरली. खाट नाही, प्राणवायू नाही, इंजेक्शन नाही. बैलजोडी विकून, बायकोचे डोरले मोडून लोकांनी पैसा उभा केला, आणि पैसा हातात असूनही औषध मिळाले नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली. जे यंत्राच्या आधारे श्वास घेत होते त्यांतील बावीस जण त्याच दिवशी गेले. बाहेर त्यांचे नातलग उभे होते. ते कोणत्या धर्माचे होते हे मला ठाऊक नाही, व विचारण्याचे कारणही नाही.

मरणानंतरही वेगळेपण सुटले नाही. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी असा हुकूम काढला होता की, कोरोनाने मेलेल्या सर्वांस, धर्म कोणताही असो, अग्नीच द्यावा. तो त्याच दिवशी बदलण्यात आला. वांद्र्याच्या दफनभूमीत असे मृतदेह पुरू नयेत म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी त्यांचे म्हणणे फेटाळले व सन्मानाने मूठमाती मिळणे हा मनुष्याचा हक्क आहे असे ठरविले. न्यायाधीशांनी हे सांगितले याबद्दल देवाचे आभार मानावेत. ते सांगण्याची पाळी आली याबद्दल काय म्हणावे? खेड्यांत तर कोणी न्यायालयात जात नाही. तेथे नुसते सांगितले जाते की, इकडे आणू नका. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या चार परक्या माणसांनी एखाद्याच्या आईस प्लास्टिकात गुंडाळून नेले, आणि मुलाने तिचे तोंड पाहिले नाही. त्या चौघांचेही ऋण आहे. पुष्कळ ठिकाणी ते नगरपालिकेचे सफाई कामगार होते, आणि त्यांचीही वस्ती बहुधा गावाच्या कडेलाच होती.

आता मिर्यामेकडे परत येऊ. सात दिवस भरले, मग तिला आत घेतले. आपल्याकडे चौदा दिवस भरले तेव्हा काय झाले? माणूस घरी आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती की आता रोग नाही. परंतु त्याच्या घरचे दूध कोणी घेईना. नळावर त्याची बायको आली की बाकीच्या घागरी मागे घेत. हे आठ-पंधरा दिवस चालले असते तर भयाचे म्हणता आले असते. कोठे कोठे ते वर्षभर चालले.

लेवीय ग्रंथात बऱ्या झालेल्यास परत आत घेण्याचा विधी सबंध बत्तीस वचनांत सांगितला आहे. दोन पक्षी घ्यावेत, त्यांतील एकास मोकळ्या रानात सोडून द्यावे. मग आठव्या दिवशी त्यास देवासमोर उभे करावे. आठव्या दिवशी त्यास देवासमोर उभे करावे. एवढा खटाटोप कशाकरिता? सर्वांनी डोळ्यांनी पाहावे, व पुढे कोणी त्यास अशुद्ध म्हणू नये याकरिता. आणि तो गरीब असेल तर त्याने कमी कोकरे आणावीत, पारवे चालतील, अशी सवलतही त्यातच आहे. घालवून देण्याकरिता मनुष्यास शास्त्र लागत नाही. परत आणण्याकरिता देवास ते इतके बारीक लिहावे लागले.

मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूने कुष्ठ्यास स्पर्श करून बरे केले व याजकाकडे पाठविले, म्हणजे गावात परत घेण्याच्या वाटेवर लावले. त्याच अध्यायाच्या शेवटी पाहा : तो मनुष्य लोकांत मिसळून बोभाटा करीत फिरू लागला, आणि प्रभूस मात्र उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. दोघांनी जागा बदलली. पुढे वेशीबाहेरच्या टेकडीवर जे झाले त्याचा आरंभ येथे आहे, आणि इब्री लोकांस लिहिणारा आपणांस त्याच वेशीबाहेर त्याच्याकडे बोलावितो.

तेव्हा आपल्या मंडळ्यांत अद्याप छावणीबाहेर कोण आहे ते पाहावे. साथीत नवरा गेलेल्या बाया आहेत. कित्येक तीस वर्षांच्या आतल्या. त्यांस पांढऱ्या पायाची म्हणून ऐकविणारी सासू रविवारी आपल्या शेजारी बसते. सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने २०२१ च्या ऑक्टोबरापासून मृताच्या वारसास पन्नास हजार रुपये देण्याचे ठरले होते. काहींस ते मिळाले व दिराने घेतले. काहींस मिळाले नाहीत, कारण मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव नव्हते. तिच्या नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर चढली आहे की नाही हे विचारणे उपदेशकाचे काम आहे काय, असे मला एकाने विचारले. माझे उत्तर असे की, याजक छावणीबाहेर गेला तेव्हा तो नुसती प्रार्थना करून परतला नाही. त्याने रोग्याचे अंग नीट तपासून पाहिले. तलाठ्याच्या कचेरीत तिच्याबरोबर एकदा बसून या.

ते दोघे भाऊ अजून बोलत नाहीत. थोरल्यास मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माझ्या घरात तान्ही नात होती; मी चुकलो असे मला वाटत नाही." धाकटा म्हणतो, "त्याने मला शाळेत ठेवले त्याचा राग नाही. चौदा दिवसांत तो एकदाही कुंपणापाशी आला नाही." दोघांचेही बोलणे मला खरे वाटते. थोरल्याने नियम पाळला होता; पण लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचून त्याने तेथेच पुस्तक मिटले होते. त्यास मी चौदावा वाचून दाखविला. तो काही बोलला नाही, परंतु उठूनही गेला नाही.

उपदेशकबंधूंस एक शेवटची विनंती आहे. आपल्या मंडळीची दफनाची नोंदवही काढून २०२० व २०२१ ची पाने पाहावीत. ज्यांस आपल्या हाताने माती देता आली त्यांचीच नावे तेथे आढळतील. जे शहरातल्या रुग्णालयांत गेले, ज्यांस परक्यांनी पुरले अथवा अग्नी दिला, त्यांची नावे बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत. म्हणजे मंडळीच्या हिशेबी ती माणसे अद्याप परत आलेली नाहीत. त्यांच्या घरी जाऊन बसावे. नाव, वय, कोठे वारले, कोणती तारीख, माती कोठे मिळाली, हे घरच्यांकडून विचारून पुढच्या प्रभुभोजनापूर्वी लिहून काढावे व त्या दिवशी मंडळीसमोर मोठ्याने वाचावे. कारणाच्या रकान्यात नुसते "ताप" असे लिहा, अशी गळ घरची माणसे तुम्हांस घालतील, कारण त्यांस लोकांचे भय अजून आहे. तुम्ही तेथे "कोरोना" असे स्वच्छ अक्षरात लिहा, आणि ओळ पुरी झाली म्हणजे ती त्यांस वाचून दाखवा.